क्यू फाइल हरवली: नुसता डेटा काढायचा की गाण्यांसकट सीडी उभी करायची?

नव्वदच्या दशकातल्या कित्येक गेमच्या सीडींत पहिला ट्रॅक डेटाचा, पुढचे गाण्यांचे. बॅकअपमध्ये बिन फाइल (सीडीची जशीच्या तशी नक्कल) सापडते, क्यू (कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो ते सांगणारी छोटी मजकूर फाइल) मात्र गायब.

सोपा मार्ग: एकाच ट्रॅकची तीन ओळींची क्यू हाताने लिहा आणि बीचंक या प्रोग्रामने आयएसओ (फक्त डेटा ट्रॅकची प्रतिमा-फाइल) काढा. शेपटीला गाण्यांचा कचरा चिकटतो, पण आयएसओ माउंट होते, म्हणजे सीडीसारखी उघडते. फाइल्सच हव्या असतील तर एवढं पुरे. गेममधली गाणी मात्र वाजत नाहीत.

दुसऱ्या मार्गाला, म्हणजे गाण्यांसकट पूर्ण क्यू लिहायला, हेक्स एडिटर (फाइलचे बाइट थेट दाखवणारा प्रोग्राम) लागतो. डेटाचा प्रत्येक 2352 बाइटांचा सेक्टर (सीडीवरचा एक तुकडा) 00, मग दहा एफएफ, मग 00 असा सुरू होतो. सोळावा बाइट मोड, म्हणजे क्यूत लिहायचा डेटा ट्रॅकचा प्रकार, सांगतो. ही खूण थांबली की डेटा संपला. समजा 17,850 सेक्टरनंतर थांबली. पुढे सहसा दोन सेकंदांची, म्हणजे 150 सेक्टरांची शांतता. म्हणजे पहिलं गाणं 18,000 सेक्टरनंतर. एका सेकंदात 75 सेक्टर, म्हणून 18,000 भागिले 75, म्हणजे 240 सेकंद, क्यूमध्ये 04:00:00 (मिनिटं:सेकंद:सेक्टर).

पुढच्या सीमा शोधायला बिन ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये रॉ (कच्चा ऑडिओ) म्हणून उघडा: 44,100 हर्ट्झ, 16 बिट, स्टिरिओ. सुरुवातीचा डेटा नुसता खरखरतो, तेव्हा हेडफोन आधी काढा! गाणी एकमेकांत मिसळलेली असली तर सीमा अंदाजानेच. तरी गेम खेळायचा असेल तर मी हीच खटपट करतो.