ब्रेक पेडल स्पंजी झालंय: परत ब्लीडिंग, नवीन फ्लुइड की मास्टर सिलेंडर?

कोइम्बतूरच्या करी ट्रॅकवर फॉर्म्युला भारतला (कॉलेजच्या टीम्सनी बनवलेल्या रेसकारची स्पर्धा) जायचंय, ब्रेक टेस्टला चारही चाकं लॉक झालीच पाहिजेत, आणि इकडे पेडल पाव दाबल्यासारखं मऊ लागतंय. मग टीममध्ये वाद सुरू, एक म्हणतो परत ब्लीड करू (लाइनमधली हवा काढू), दुसरा म्हणतो ब्रेक फ्लुइड बदल, तिसऱ्याने मास्टर सिलेंडर (पेडलच्या जोराने फ्लुइडला प्रेशर देणारा भाग) ऑर्डरला टाकलेला पण असतो!! थांबा, आधी पाच मिनिटं नुसतं पेडल वाचा.

दोन-तीनदा पटापट मारल्यावर पेडल वर येऊन कडक होतंय तर लाइनमध्ये हवा आहे, नाहीतर चाकाच्या बेअरिंगमधल्या ढिलेपणामुळे किंवा डिस्क वाकडी असल्यामुळे पॅड मागे ढकलले जातायत. दाबून धरलं की हळूहळू खाली बसतंय आणि बाहेर कुठेच गळत नाहीये, तर मास्टर सिलेंडरचं सील गेलंय. थंड असताना मस्त पण पाच-सहा लॅपनंतर मऊ, मग फ्लुइड उकळतंय.

माझं मत विचाराल तर पहिला नंबर ब्लीडिंगचाच, कारण खर्च एक बाटली आणि एक संध्याकाळ. पण बहुतेक जण ते चुकीचं करतात. आपण बाइकचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) वापरतो आणि जागेत मावावेत म्हणून उलटे-तिरपे बसवतो, मग निपल (हवा बाहेर काढायचा स्क्रू) वरच्या टोकाला राहत नाही आणि हवा आतच अडकते. आम्ही तीन संध्याकाळी ब्लीड करत बसलो होतो, शेवटी मागचा कॅलिपर काढून, पॅडमध्ये लाकडाचा ठोकळा घालून निपल वर धरला तर भसाभस बुडबुडे निघाले. दुसरं म्हणजे बॅलन्स बार (पेडलचा जोर पुढच्या आणि मागच्या सिलेंडरमध्ये वाटणारा दांडा) असेल तर पुढचा एक आणि मागचा एक निपल एकदम उघडा, एकच उघडलात तर बार तिरका होतो आणि त्या सिलेंडरला पूर्ण स्ट्रोक मिळत नाही.

फ्लुइड बदलणं फक्त गरम झाल्यावरच्या तक्रारीसाठी. डॉट ४ या ग्रेडच्या फ्लुइडचा कोरडा, म्हणजे ताजा असतानाचा, उकळबिंदू कमीत कमी २३० डिग्री सेल्सिअस, पाणी शोषल्यावर १५५, डॉट ५.१ चा २६० आणि १८०. म्हणजे वर्षभर उघडी पडलेली महागडी बाटली ताज्या साध्या डॉट ४ पेक्षा वाईट असू शकते. आणि डॉट ५ हे सिलिकॉनवालं, नाव सारखं वाटलं तरी यांच्यात अजिबात मिसळू नका.

मास्टर सिलेंडर सगळ्यात शेवटी. यात एक मोठा धोका आहे, लोक ५/८ इंची काढून ३/४ इंची बोअर (सिलेंडरचं आतलं भोक) लावतात, पेडल कडक लागतं आणि वाटतं जिंकलो, पण तेवढ्याच पायाच्या जोरावर प्रेशर साधारण ३० टक्के कमी मिळतं आणि चाकं लॉकच होत नाहीत. त्याआधी एकाला पेडल दाबायला बसवून दुसऱ्याने ब्रॅकेटकडे आणि कॅलिपरच्या माउंटकडे नीट बघा, पत्रा वाकत असेल तर तोही पायाला स्पंजीच वाटतो आणि त्यावर कितीही ब्लीड करा, फरक पडत नाही.

सील गेलंच असेल तर आधी बोअरमध्ये नख फिरवा. गुळगुळीत असेल तर सील किटवर भागतं, ओरखडा लागला तर किटवर पैसे घालू नका, त्याच साइजचा नवीन सिलेंडर घ्या.