कमी रनिंगची लॉरा व्हीआरएस, इंजिनचा आवाज आणि उद्यमनगरातलं एक गॅरेज

जुनी टर्बो पेट्रोल गाडी कोल्हापुरात कुणाला दाखवावी, असं ओळखीतले बरेच जण विचारतात. त्यांच्यासाठी आणि आवाज करणाऱ्या इंजिनावर लाखभर रुपये घालावेत की नाही या विचारात अडकलेल्या प्रत्येकासाठी हे लिहितेय. शिवाजी उद्यमनगरातल्या आतल्या गल्लीतलं हे गॅरेज मला मनापासून आवडलं. उणिवाही सांगतेच.

माझी गाडी २०१२ ची स्कोडा लॉरा व्हीआरएस, म्हणजे लॉराचीच जास्त जोमदार आवृत्ती. सांगलीच्या एका डॉक्टरांकडून घेतली, तेव्हा मीटरवर जेमतेम ३८,००० किलोमीटर. युरोपात हीच गाडी ऑक्टाव्हिया व्हीआरएस म्हणून २.० लिटरच्या २०० पीएस इंजिनासह मिळायची. आपल्याकडे पहिली ऑक्टाव्हिया अजून विकली जात होती, म्हणून दुसऱ्या पिढीला लॉरा हे नाव मिळालं आणि व्हीआरएसमध्ये १.८ लिटरचं टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिन बसलं. १६० पीएस, २५० न्यूटन मीटर, सहा गिअर, हाताने टाकायचे. आकडे आज फार मोठे वाटत नाहीत, पण आंबा घाटात तिसऱ्या गिअरवर ती ज्या जोमानं चढते ते पाहिल्यावर दुसरी गाडी घ्यायचा विचार मनात टिकत नाही.

तर आवाज. सकाळी गार इंजिनाला ड्रायव्हरच्या बाजूच्या चाकाकडून कोरडी खरखर यायची. गरम झालं की कमी व्हायची, एसी लावला की परत वाढायची. शिवाय गाडी उभी असताना नुसत्या चालू इंजिनाला वरून एकसारखी टिकटिक. पहिल्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडलं, कान लावला आणि निकाल दिला : टाइमिंग चेन (वॉल्व्ह आणि पिस्टनचा ताळमेळ राखणारी साखळी) गेली, आतले भागही सैल झाले असणार, इंजिन पूर्ण खोला, नाहीतर बाहेरून आलेलं जुनं हाफ इंजिन, म्हणजे वरच्या जोडण्यांशिवायचं इंजिन, बसवा. खर्च सव्वादोन लाखांच्या पुढे. गाडीला बाजारात पाच लाख मिळाले तर नशीब. गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा स्कॅनरसुद्धा लावला नव्हता.

त्यांनी चेनचं नाव घेतलं यात नवल नाही. स्कोडा ज्या फोक्सवागन समूहाची, त्यांच्या ईए८८८ या इंजिनांत (माझं १.८ त्यातलंच) सुरुवातीच्या वर्षांतला चेन टेन्शनर हा ठाऊक असलेला कच्चा दुवा आहे. टेन्शनर ऑइलच्या दाबावर चेन ताणून धरतो. इंजिन बंद झालं की दाब उतरतो आणि त्याचा दट्ट्या मागे सरकू नये म्हणून आत दातेरी अडकण असते. जुन्या रचनेत ही अडकणच दगा देऊ शकते. ती सुटली तर चेन सैल पडते, सुरू करताना दात ओलांडते आणि वॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. पुढे कंपनीने टेन्शनरची रचना बदलली. अमेरिकेत या विषयावर सामूहिक दावा झाला आणि २०१८ मध्ये तडजोड झाली. म्हणून या गाडीत खरखर ऐकू आली की सगळ्यांच्या तोंडी आधी चेनच येते.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी मात्र चावीला हातच लावला नाही. म्हणाले, "ताई, गाडी आज इथंच ठेवा. गार झाल्याशिवाय मला काय ऐकू येणार? आणि इंजिन उघडायचं सगळ्यात शेवटी. आधी बाहेरचं बाहेर संपवूया की." तपासणीचे पैसे वेगळे सांगितले, ३,५०० रुपये, काम करा अगर करू नका. मला हे फार पटलं. तपासणी फुकट असली की तिची वसुली दुरुस्तीतूनच होते.

सकाळी मी मुद्दाम हजर राहिले. आधी गार इंजिन सुरू करून आवाज ऐकला. मग बंद करून त्यांनी अल्टरनेटर आणि एसी कॉम्प्रेसर फिरवणारा बेल्ट, ज्याला आपण सगळे अजून फॅन बेल्टच म्हणतो, तो काढला आणि इंजिन पुन्हा थोडा वेळ चालवलं. या इंजिनात पाण्याचा पंप त्या बेल्टवर नाही, इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या बॅलन्स शाफ्टवरून एका छोट्या दातेरी पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे तेवढ्या वेळात गरम होण्याची भीती नव्हती. बॅटरीचा दिवा लागला आणि खरखर नाहीशी झाली. बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीचं बेअरिंग कोरडं पडलं होतं. बेल्ट आणि टाइमिंग चेन दोन्ही इंजिनाच्या एकाच टोकाला असतात, म्हणून नुसत्या कानाला फरक कळत नाही. एसी लावल्यावर आवाज का वाढायचा तेही उलगडलं : बेल्टवर भार यायचा.

वरची टिकटिक? ती थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची आणि हाय प्रेशर पंपाची. अशी इंजिनं टिकटिकतातच. मिस्त्रींनी याच १.८ इंजिनाची एक स्कोडा सुपर्ब शेजारी सुरू करून ऐकवली. तंतोतंत तोच आवाज.

इथंच पुली बदलून मला घरी पाठवलं असतं तरी मी खूश झाले असते. पण नावाजलेला कच्चा दुवा न बघता सोडायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. स्कॅनरवर कॅमशाफ्ट (वॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) यांच्यातला कोनाचा फरक पाहिला. चेन लांबली की हा आकडा सरकतो. इथं तो मर्यादेत होता. मग टाइमिंग कव्हरवरचं बूच काढून आत छोटा कॅमेरा घातला. टेन्शनरचा दट्ट्या किती बाहेर आलाय ते त्यावरच्या खाचांवरून मोजता येतं, जितक्या जास्त खाचा दिसतील तितकी चेन लांबलेली. माझ्या गाडीत थोड्याच दिसल्या, म्हणजे चेन उत्तम. पण टेन्शनर जुन्या रचनेचाच निघाला. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, चारही सिलिंडरचं १२ बारच्या आसपास, म्हणजे ठणठणीत. ऑइल फिल्टरची कागदी घडी उलगडून उन्हात धरली, धातूचा कण नाही.

आता खरा निर्णय. इंजिन निरोगी, गाडी ३८,००० ची. मग टेन्शनर बदलायचा का? घरी सगळ्यांचं मत होतं की कमी चाललीय तर राहू दे. माझं मत उलटं झालं आणि आजही तेच आहे. चेन किलोमीटरनं झिजते, पण अडकणीला किलोमीटरशी फारसं देणंघेणं नाही. गाडी कितीही कमी चालली तरी दर वेळी बंद केल्यावर भार तिच्यावर येतोच. त्यात चढावर फक्त गिअरमध्ये उभी केलेली गाडी मागे सरकली तर इंजिन उलटं फिरतं, ते आणखी वाईट. शिवाय उभ्या गाडीचं ऑइल वर्षागणिक जुनं होतं आणि रबर कडक पडतं. कमी रनिंग म्हणजे तब्येतीचा दाखला, असं मी तरी मानत नाही.

म्हणून फक्त टेन्शनर बदलला, चेन तीच ठेवली. "चांगली चेन काढून टाकायला सांगितली तर मी मिस्त्री कसला?" असं तेच म्हणाले. इंजिन उतरवावं लागत नाही. उजवं माउंटिंग सोडवून खालचं टाइमिंग कव्हर काढतात. क्रँक पुलीचा बोल्ट नवाच लागतो, आणि तो सोडवताना क्रँकचा दातेरी गिअर जागेवर धरून ठेवणारं खास हत्यार हवंच, नाहीतर टाइमिंग तिथंच सरकतं. ते हत्यार त्यांच्याकडे होतं. हा प्रश्न कुठल्याही गॅरेजात आधी विचारा. कव्हर पत्र्याचं असतं, काढताना वाकतं, म्हणून तेही नवं घातलं. टेन्शनर, कव्हर, बोल्ट, पुली, बेल्ट, फोक्सवागनच्या ५०२ ०० प्रमाणाचं ऑइल आणि मजुरी मिळून ४१,००० रुपये. जुने सुटे भाग पिशवीत घालून हातात दिले. हेच इंजिन साध्या लॉरात आणि सुपर्बमध्येही असल्यामुळे भागांसाठी वणवण झाली नाही.

उणिवा आहेत. टेन्शनर पुण्याहून यायला वेळ लागला आणि मधे फोन मलाच करावा लागला. अंदाजपत्रक मागितल्याशिवाय लिहून देत नाहीत. बसायला जागा नाही, गल्लीत लेथचा आवाज दिवसभर. घाईच्या माणसानं इथं जाऊ नये. गाडी धुऊन मिळेल अशी अपेक्षाही ठेवू नका.

जाणार असाल तर गाडी आदल्या संध्याकाळी सोडा, सकाळी स्वतः हजर राहा आणि आवाज कधी येतो, एसीवर बदलतो का, क्लच दाबल्यावर थांबतो का, हे कागदावर लिहून न्या. क्लच दाबल्यावर थांबत असेल तर रोख इंजिनाकडून फ्लायव्हील (इंजिन आणि क्लचमधलं जड चाक) किंवा गिअरबॉक्सकडे वळतो, आणि तो खर्च वेगळाच. मागच्या ऑइलचं बिलही बरोबर ठेवा. मिस्त्री पहिल्यांदा तेच मागतात.