मिरजेची लाकडी तबलीची एकतारी : पारावर, बांधावर आणि प्रचारात वापरून

मी गाणी स्वतः बांधते आणि स्वतःच म्हणते. विषय बहुतेक पाण्याचे. कृष्णेत सोडलेली मळी, शेरी नाल्याचं सांडपाणी, उपसलेली वाळू, पूररेषेच्या आत उठलेले बंगले. गेल्या खेपेला ग्रामपंचायतीला उभीही राहिले, नदी हाच जाहीरनामा घेऊन. तेव्हा कुणाला देवघरात नाहीतर दिवाणखान्यात ठेवायला एकतारी हवी असेल, तर हे वाचलं नाही तरी चालेल. उघड्यावर गाणाऱ्यांसाठी लिहितेय.

आधीची माझी एकतारी कातड्याची होती. उन्हाळ्यात टणटणीत, आषाढ लागला की कातडं ओल धरणार आणि सूर खाली बसणार. 2020 च्या जुलैत रत्नागिरी–नागपूर महामार्गासाठी भोसे गावचा, आपल्या मिरज तालुक्यातला, 400 वर्षांचा म्हणतात तो वड तोडायला निघाले होते. लोकांनी आवाज उठवला, रस्त्याची आखणी बदलली. तेव्हा वडाखाली मी गायले, पण एकतारी नुसती भद्‌भद करत होती. शेवटी बायकांनी टाळ्यांवर गाणं ओढून नेलं. आमची आंदोलनं नेमकी पावसाळ्यातच येतात, कारण पूर तेव्हाच येतो. म्हणून लाकडी तबलीची, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर कातड्याऐवजी लाकडाची फळी असलेली, करून घ्यायची ठरवली, आणि आपल्याकडं त्यासाठी मिरजेपलीकडं जायची गरज नाही.

सतारमेकर गल्लीत शिकलगारांची घरं पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात. मूळचे हत्यारांना धार लावणारे. संस्थानच्या काळात तंतुवाद्यांकडं वळले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही. एकाचं घेतलं की शेजारचा रुसतो, आणि मला सगळ्यांच्याच दारात जायचं असतं.

भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, कडू जातीचा. कडू म्हणूनच वाळल्यावर टिकतो. माझी एकतारी करणारे चाचा म्हणाले, अवकाळीनं वेल झोपले की चांगल्या गोलाईचा भोपळा मिळायला मारामार होते. हवामानबदलावर मी तासभर बोलते, त्यांनी एका वाक्यात उरकलं. तबली आणि दांडी तुनाच्या लाकडाची. घोडीला, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या पट्टीला, पूर्वी सांबरशिंग नाहीतर हस्तिदंत वापरत; वन्यजीव कायद्यानं ते बंद झालं, आता हाड, फायबर किंवा लाकूड. मी शिसवीची मागितली. कडेला प्लास्टिकची नक्षी चिकटवतात तीही नको म्हटलं. त्यावर चाचांचं तोंड जरा उतरलं. बिननक्षीची वस्तू दुकानातून बाहेर गेली की त्यांना आपलं काम अर्धं राहिल्यासारखं वाटतं.

खरी गंमत जवारीवर झाली. घोडीची पाठ घासून तारेचा झंकार कमी-जास्त करतात, ती जवारी. पहिल्यांदा हातात दिली तेव्हा एकदा छेडली की झंकार घुमतच राहायचा. बैठकीला झकास.

"चाचा, ह्यात माझे शब्द बुडतात."

"ताई, लोक ह्या झंकाराचेच पैसे देतात."

"देऊ देत. मला पारावरच्या म्हातारीला धरणातलं पाणी मोजायचं टीएमसी म्हणजे काय ते ऐकू गेलं पाहिजे."

हसले, आणि परत बसले. तार उतरवली, घोडीच्या पाठीवरून कानस अगदी हलकी फिरवली, फुंकर मारली, तार चढवली, तिच्याखालचा दोरा केसभर मागं सरकवला, मान वाकडी करून ऐकलं, परत उतरवली. माझा चहा गार झाला, त्यांचा तर तसाच राहिला. शेवटी जवारी बरीच बंद करून दिली. आता तार वाजते, सूर देते आणि वेळेवर गप्प बसते. तुम्ही अभंग गाणार असाल तर खुलीच ठेवा. पण मुद्दा सांगायचा असेल तर बंद मागा, आणि चार ओळी तिथंच म्हणून बघितल्याशिवाय उठू नका. मी ही म्हटली:

चाळिसाला इशारा, पंचेचाळिसाला धोका
सत्तावनाला सरकार म्हणतंय, आमचं थोडं ऐका

सांगलीबाहेरच्यांसाठी: कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45, आणि 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. चाचांच्या पोरानं दुसरी ओळ लगेच उचलली. तेवढ्यात मी पैसे काढले.

पावसात कशी आहे? भोपळ्याला थेट पाणी लागू देऊ नका, एवढं सोडलं तर उत्तम. नदीकाठच्या दमट हवेत संध्याकाळभर गायले तरी सूर किंचित हलतो, कातड्यासारखा ढासळत नाही. आवाज मात्र डफाच्या पासंगालाही पुरत नाही. वाटेगावच्या अण्णा भाऊंचा जिल्हा आहे हा, इथं शाहीर म्हटलं की लोकांना डफच लागतो. "एवढ्याशा तारेवर काय प्रचार करणार" असं मला तोंडावर ऐकवलंय. पण डफ वाजला की माणसं उभी राहतात, एकतारीला खाली बसतात. बसलेल्या बायकांसमोर मी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीपासून गावच्या गटारापर्यंत सगळं काढते. शंभराच्या वर माणसं असतील तर माईक लागतोच. तो भोपळ्यामागं नको, तबलीसमोर वीतभर अंतरावर धरा.

तक्रारी आहेत. सांगितलेल्या तारखेला वस्तू मिळाली नाही. उरूस आहे, मग घरात लग्न आहे, मग पॉलिश वाळायचंय. फोन उचलतील ही आशा ठेवू नका, एसटीनं जाऊन समोर बसलं की काम होतं. तार ताणायची खुंटी पहिल्या महिन्यात सटकत होती. खडूची पूड लावल्यावर धरली, पण हे दुकानातच करून द्यायला काय हरकत होती? आणि सोबतची रेक्झिनची पिशवी म्हणजे निव्वळ थट्टा. चेन तिसऱ्या सभेला तुटली. मी जुन्या गोधडीची शिवून घेतली, जीपमधे तीच बरी.

साडेतीन हजार पडले, निम्मे आगाऊ. घासाघीस केली नाही. कानस धरलेला तो हात बघितल्यावर जीभ रेटली नाही. पक्की पावती मात्र मागून घ्या, मीही घेतली. निवडणूक खर्चाच्या हिशेबात ती कुठल्या रकान्यात घालायची, वाहनात की ध्वनिक्षेपकात, यावर वही लिहिणाऱ्या भाच्याशी माझा वाद अजून चालू आहे.