वैमानिक प्रशिक्षणासाठी जवळची संस्था निवडताना: एका पालकाचा अभिप्राय

माझी मुलगी भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बारावी उत्तीर्ण झाली आणि निकालाच्या दुसऱ्याच दिवशी तिने व्यावसायिक वैमानिक व्हायचे असल्याचे घरात सांगितले. आम्ही साताऱ्याचे. आमच्या घराण्यात विमानाशी कोणाचा कधी संबंध आलेला नाही आणि मी स्वतः एका सहकारी साखर कारखान्याच्या हिशेब विभागात तीस वर्षे काढली आहेत. पुढच्या चार महिन्यांत आम्ही राज्यातल्या तीन उड्डाण प्रशिक्षण संस्था प्रत्यक्ष जाऊन पाहिल्या, त्यांपैकी एकीत तिने प्रवेश घेतला आणि १७ महिन्यांत परवान्यासाठी लागणारे २०० तासांचे उड्डाण पूर्ण करून ती बाहेर पडली. त्या संस्थेविषयीचे माझे मत आणि तिची निवड करताना जे शिकायला मिळाले ते येथे लिहीत आहे. तिच्या बरोबरीची काही मुले अजून तेथेच शिकत असल्यामुळे संस्थेचे आणि गावाचे नाव देत नाही.

परदेशी जाण्याचा विचार आम्हीही केला होता. अमेरिका किंवा दक्षिण आफ्रिकेत तास लवकर पूर्ण होतात हे खरे असले, तरी तिकडचा परवाना घेऊन आल्यावर तो भारतात रूपांतरित करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी येथल्या परीक्षा चुकत नाहीत. शिवाय महाराष्ट्रात या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ सालचा, जे. आर. डी. टाटा तेथेच शिकले आणि १९२९ च्या फेब्रुवारीत भारतातला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला. आज बारामती, गोंदिया, धुळे, शिरपूर अशा ठिकाणी मुले शिकतात. मात्र जवळच्या संस्थेचा सर्वांत मोठा फायदा मला वेगळाच वाटतो. पैसे भरण्याआधी तेथे जाऊन दोन दिवस बसता येते. परदेशातल्या संस्थेची आपण फक्त छायाचित्रे पाहतो. एसटीने जाण्याजोग्या अंतरावरच्या संस्थेत सकाळी सहा वाजता हँगरसमोर उभे राहून किती विमाने बाहेर निघतात हे स्वतः मोजता येते. आम्ही तेच केले, आणि आमचा निर्णय त्या मोजणीवरच झाला.

त्याआधीची एक गोष्ट सांगतो, कारण ती चुकल्यामुळे आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचे मोठे नुकसान झाले. प्रवेश शुल्क भरण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. आधी दुसऱ्या वर्गाची आणि मग पहिल्या वर्गाची तपासणी असते. व्यावसायिक परवान्यासाठी पहिल्या वर्गाचे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. रंग ओळखण्यातला दोष किंवा कानाची तक्रार लाखो रुपये भरून झाल्यावर कळली, तर संस्था पैसे परत देईलच असे नाही.

पहिल्या संस्थेत आमचे स्वागत उत्तम झाले. वातानुकूलित खोलीत मोठ्या पडद्यावर चित्रफीत दाखवली, गणवेशातल्या मुलांची रांग दाखवली, आमच्याकडे अकरा विमाने आहेत असे सांगितले. चहा झाल्यावर मी विमाने पाहण्याची इच्छा व्यक्त केली. हँगरशेजारच्या उड्डाण नियोजनाच्या खोलीत एक पांढरा फळा होता. त्यावर डाव्या रकान्यात अकरा विमानांची नोंदणी अक्षरे एकाखाली एक लिहिलेली होती आणि त्यांतल्या सहांसमोर लाल शाईने फुली होती. एकाचे इंजिन मुदत भरल्यामुळे उतरवलेले, एक पुढच्या चाकाच्या सुट्या भागासाठी थांबलेले, दोन तपासणीत, आणि उरलेल्या दोघांपुढे काहीच कारण लिहिलेले नव्हते. म्हणजे उडणारी विमाने पाच. फळ्याखालच्या बाकावर चौदा मुले बसली होती. त्यांतल्या एकाला मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "काका, माझा नंबर परवाही लागला नव्हता, आज लागेल असं वाटतंय." तो सांगलीकडचा होता आणि त्याला येऊन दोन वर्षे झाली होती.

त्या रात्री लॉजवर बसून मी जो हिशेब मांडला तो प्रत्येक पालकाने मांडावा असा आहे. समजा संस्थेकडे खरोखर उडणारी आठ विमाने आहेत, प्रत्येक विमान दिवसाला पाच तास उडते आणि महिन्यात उड्डाणाजोगे २२ दिवस मिळतात. एकूण ८८० तास होतात. विद्यार्थी १२० असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला सव्वासात तासांच्या आसपास येतात आणि २०० तासांना सव्वादोन वर्षांहून अधिक काळ लागतो. तेच विद्यार्थी ६० असतील तर जेमतेम चौदा महिने पुरतात. पावसाळ्याची घट यात धरलेली नाही. माहितीपत्रकातले विमानांचे छायाचित्र आणि शुल्काचा तक्ता या हिशेबापुढे गौण आहेत. उशीर झाला की वसतिगृहाचे भाडे वाढते, एवढ्यावर भागत नाही. आठवडाभर न उडलेल्या मुलाचा हात बसत नाही, जुना धडा पुन्हा घ्यावा लागतो आणि त्या तासाचेही पैसे द्यावे लागतात. परवान्याचा अर्ज करताना अलीकडच्या सहा महिन्यांतले उड्डाणही दाखवावे लागते, त्यामुळे रेंगाळलेल्या मुलांना शेवटी जादा तास घ्यावे लागतात.

आम्ही निवडलेल्या संस्थेत माहितीपत्रक साधेच होते, खोलीतला पंखा आवाज करत होता, पण मी विचारल्यावर मुख्य प्रशिक्षकांनी मागच्या तुकडीतल्या विद्यार्थ्यांची नावे झाकून त्यांच्या महिनावार तासांची नोंदवही समोर ठेवली. सर्वांत वेगवान विद्यार्थ्याला तेरा महिने लागले होते आणि सर्वांत मागे राहिलेल्याला तेवीस. सरासरी सांगून त्यांनी हे टोक लपवले नाही, याचे मला फार मोल वाटले. नऊ विमानांपैकी सात उडत होती आणि विद्यार्थी ६५ होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही अॅप्रनच्या, म्हणजे विमाने उभी करण्याच्या मोकळ्या जागेच्या, कुंपणाशी उभे होतो. एक मुलगा सेस्ना १७२ ची उड्डाणपूर्व तपासणी करत होता. पंखाखालच्या झडपेतून त्याने पारदर्शक पेल्यात थोडे इंधन काढले आणि उजेडाकडे धरले. या विमानांना लागणारे १०० एलएल इंधन फिकट निळे असते. त्यात पाणी शिरले असेल तर ते जड असल्यामुळे तळाशी वेगळे दिसते. डावा पंख झाला, उजवा झाला, आणि मुलगा दार उघडून आत बसायला निघाला. प्रशिक्षिका दहा पावलांवर वही घेऊन उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "नाकाखालची गाळणी राहिली." मुलगा वळला, वाकला, तिसरा नमुना काढला, तोही उजेडाकडे धरला. उड्डाण सात मिनिटे उशिरा झाले आणि त्याबद्दल कोणी कुरकुर केली नाही. माझ्या पत्नीने तेथेच मला सांगितले की मुलगी येथे शिकेल.

तांत्रिक नोंदवहीत विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या तक्रारी वाचायला मिळाल्या तर अवश्य वाचाव्यात. आमच्या संस्थेत ब्रेक डावीकडे ओढतो, रेडिओत खरखर आहे, आसनाची पट्टी सैल आहे अशा बारीक तक्रारी रोज लिहिल्या जात होत्या आणि प्रत्येकीखाली अभियंत्याची सही व केलेली दुरुस्ती होती. कोरी नोंदवही पाहून समाधान मानू नये. जुनी विमाने रोज उडत असताना एकही तक्रार येत नाही, याचा अर्थ मुले लिहायला घाबरतात असाच मी घेईन.

हवामान आणि जागा यांचा विचार बहुतेक पालक करत नाहीत. दृश्य उड्डाणासाठी, म्हणजे बाहेर पाहून विमान चालवण्यासाठी, साधारण पाच किलोमीटर दृश्यमानता आणि पुरेशा उंचीवर ढग लागतात. पर्जन्यछायेतल्या बारामतीसारख्या ठिकाणी पावसाळ्यातही बरेच दिवस मिळतात; पूर्व विदर्भात पाऊस जास्त, त्यामुळे तेथे जून ते सप्टेंबरचे नियोजन कसे करतात हे विचारून घ्यावे. उन्हाळ्यात दुपारी हवा तापून विरळ होते, इंजिनाची ताकद घटते आणि विमान हेलकावे खाते, म्हणून नवख्यांची उड्डाणे पहाटे आणि संध्याकाळीच होतात. आणखी एक प्रश्न रात्रीच्या उड्डाणाचा. परवान्याच्या २०० तासांत किमान १०० तास स्वतः विमानप्रमुख म्हणून, त्यांत २० तास क्रॉस कंट्री म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे उड्डाण, एक ३०० सागरी मैलांचा प्रवास आणि पाच तास रात्रीचे उड्डाण असावे लागते. धावपट्टीला दिवे नसतील तर संस्था मुलांना दुसऱ्या गावी नेते आणि तो खर्च व ती प्रतीक्षा वेगळी. आमच्या संस्थेकडे दिवे होते, तरी ते दोन महिने बंद राहिल्यामुळे मुलीचे रात्रीचे तास शेवटी ढकलले गेले.

खर्चाबाबत स्पष्ट लिहितो. आज भारतात व्यावसायिक परवान्यापर्यंतचा खर्च सर्वसाधारणपणे ४० ते ५० लाख रुपयांच्या घरात जातो आणि विमान कंपनीच्या मोठ्या विमानासाठीचे टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याची पात्रता, त्याहून वेगळे. एकरकमी भरल्यास सवलत देऊ असे दोन संस्थांनी सांगितले. आम्ही नकार दिला आणि दर ५० तासांना हप्ता असा करार करून घेतला. हिशेब खात्यातल्या माणसाचा सल्ला म्हणून ऐकावे: न उडलेल्या तासांचे पैसे संस्थेकडे पडून राहू देऊ नयेत. तास कोणत्या मीटरने मोजला जातो, इंजिन सुरू झाल्यापासून की चाके हलल्यापासून, आणि अर्ध्यातून सोडल्यास परतावा किती, हे करारात लिहून घ्यावे. मान्यताप्राप्त संस्थांच्या मंजूर उड्डाण अभ्यासक्रमांवर वस्तू व सेवा कर लागत नाही, हे जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही अंदाजपत्रकात १८ टक्के जोडलेले दिसले तर विचारणा करावी.

आम्ही निवड केली तेव्हा संस्थांची सरकारी क्रमवारी नव्हती. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ती १ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू केली. पहिल्या यादीतल्या ३५ संस्थांपैकी एकीलाही वरच्या दोन श्रेणी मिळाल्या नाहीत. १३ संस्था 'बी' मध्ये आणि २२ 'सी' मध्ये आल्या. विमानांचे, प्रशिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचे प्रमाण तसेच सुरक्षिततेची नोंद त्यात धरली जात असल्यामुळे ही यादी अवश्य पाहावी. पण ती पाहून प्रत्यक्ष भेट टाळू नये, कारण यादी सहा महिन्यांनी बदलते आणि फळ्यावरच्या लाल फुल्या रोज.

आता आमच्या संस्थेतल्या उणिवा. सर्वांत मोठी उणीव प्रशिक्षकांच्या गळतीची. सहायक प्रशिक्षक तरुण असतात, तास साठले की ते विमान कंपनीत जातात आणि त्यात त्यांचा दोष नाही; परंतु १७ महिन्यांत माझ्या मुलीचे चार प्रशिक्षक बदलले आणि प्रत्येक नव्या प्रशिक्षकाने तिची पातळी तपासण्यासाठी घेतलेली उड्डाणे आमच्याच खर्चाने झाली. असे सहा तास जादा गेले. विद्यार्थ्याची प्रगतिपुस्तिका नीट भरलेली असती तर यातले निम्मे तरी वाचले असते, हे मी संस्थेला लेखी कळवले आहे. दुहेरी इंजिनाचे एकच विमान होते आणि ते सुट्या भागासाठी अकरा आठवडे उभे राहिले. वसतिगृह आणि जेवण बरे होते, तक्रार करण्याजोगे काही नाही.

दुसरी उणीव वर्गातल्या शिकवण्याची. हवाई नियम आणि तांत्रिक विषय चांगले शिकवले, हवाई मार्गनिर्देशनही समाधानकारक होते, पण हवामानशास्त्र केवळ प्रश्नपेढी पाठ करून घेऊन संपवले. प्रत्येक विषयात ७० टक्के गुण मिळवायचे असल्यामुळे मुलांनाही तेच सोयीचे वाटे. मला मात्र ते अजिबात पटले नाही. पश्चिम घाटावर दुपारी चढणारे ढग ज्या मुलांना एकट्याने ओळखायचे आहेत, त्यांनी ते कसे बनतात हे समजून घ्यायला हवे. आम्ही नऊ पालकांनी मिळून मुख्य प्रशिक्षकांना पत्र दिले. त्यांनी ते टाळले नाही, आम्हाला बोलावून घेतले आणि दीड महिन्यात हवामान खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ दर शनिवारी शिकवायला येऊ लागले. मुलीला त्यांचे सातच तास मिळाले. तिच्यानंतरच्या तुकडीला ते पहिल्या आठवड्यापासून शिकवत आहेत.