लॉकटाइट २४३ : आरएक्स १०० च्या ढिल्या बोल्टांवर वापरून पाहिलं

जुनी टू-स्ट्रोक गाडी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी निळं लॉकटाइट, म्हणजे २४३, हे बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांवर लावायचं पातळ द्रव, घरात ठेवावंच. माझ्याकडे यामाहा आरएक्स १०० आहे आणि माझी अख्खी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात नट-बोल्टांमध्येच गेली. त्यामुळे हे जबाबदारीने सांगतोय.

या गाडीचं इंजिन ९८ सीसीचं, एका सिलिंडरचं, आणि कंपन मारायला बॅलन्सर शाफ्ट नाही. मडगार्ड, नंबर प्लेटची पट्टी, फूटरेस्ट, इंजिन माउंटिंग, सगळीकडचे बोल्ट हळूहळू सैल होतात. मग लांब पाना घालून जोर काढायचा, पुन्हा सैल झाला की आणखी जोर. बोल्ट पोलादी आणि क्रँककेस, म्हणजे इंजिनची खालची पेटी, ॲल्युमिनियमची, तेव्हा आटे कुणाचे जाणार ते ठरलेलंच. ही गाडी मी घेतली तेव्हा क्लच कव्हरचे दोन आटे असेच गेले होते आणि एका भोकात कुणीतरी एम-सील भरून बोल्ट कोंबला होता. बघून जीव तुटला.

२४३ चा खरा फायदा मला इथेच दिसतो. बोल्ट सुटणार नाही याची खात्री असली की माणूस जास्त आवळत नाही. सहा एमएमच्या बोल्टाला, म्हणजे दहाचा पाना लागतो त्याला, १० न्यूटन-मीटर पुष्कळ झालं.

आपल्याकडे भरवसा स्प्रिंग वायसरवर. पण गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनियरने १९६९ मध्येच दाखवून दिलं होतं, की जोड आडवा हलायला लागला की बोल्ट आपोआप उलटा फिरतो. त्या हालचालीपुढे स्प्रिंग वायसरचं फार चालत नाही. लॉकटाइट आट्यांमधली पोकळीच भरून टाकतं, त्यामुळे हलायला जागा राहत नाही.

लावताना आटे वायर ब्रशने घासा आणि पेट्रोलने पुसून वाळू द्या. २४३ थोडंफार तेल सहन करतं, म्हणून चिखलावर लावायचं असं नाही. आरपार भोक असेल तर बोल्टाच्या आट्यांवर एक-दोन थेंब टाका. भोक तळाशी बंद असेल तर थेंब भोकातच सोडा, नाहीतर आत अडकलेली हवा ते सगळं बाहेर ढकलते. हवा तुटली आणि धातू लागला की ते घट्ट होतं. म्हणूनच बाटली अर्धी रिकामी दिसते, त्यात दुकानदाराची लबाडी नाही. पूर्ण ताकद यायला २४ तास द्या, स्टेनलेसच्या बोल्टाला वेळ जास्त लागतो. उघडताना साधा पाना पुरतो.

सायलेन्सरच्या फ्लँजला लावू नका. १८० अंशांपर्यंतच ते टिकतं, तिथली उष्णता त्याच्या पलीकडे जाते. स्पार्क प्लगला तर नाहीच. इंडिकेटर आणि साइड पॅनलपासूनही दूर ठेवा, काही प्लॅस्टिकला याने तडे जातात. जिथे स्प्लिट पिन आहे तिथे नवी पिनच घाला.

आणि आटे गेलेच असतील तर बाटलीभर ओतलं तरी उपयोग शून्य. माझ्या क्लच कव्हरच्या त्या दोन भोकांत मी कोल्हापुरात उद्यमनगरात हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांचं अस्तर, बसवून घेतलं. ६.३ एमएमचं ड्रिल, मग हेलिकॉइलचा खास टॅप, मग स्टेनलेसच्या तारेचं वेटोळं. ॲल्युमिनियममध्ये हे मूळ आट्यांपेक्षा मजबूत बसतं. काम करून घेताना समोर उभे राहा आणि ड्रिल सरळ धरलंय ना ते बघा.

तक्रार एकच, बाटलीचं टोक ठिबकतं आणि महागाचे थेंब वाया जातात. दुकानात लाल २७१ पुढे केलं तर परत द्या. ते सोडवायला सुमारे २५० अंश तापवावं लागतं, आणि क्रँककेसजवळ, तेलाच्या सीलशेजारी एवढी आच द्यायची हिंमत मी तरी करणार नाही.