सीपी + सीएचमॉड की सरळ इन्स्टॉल?

महापेच्या ऑफिसातला एक ज्युनियर विचारत होता, डिप्लॉय स्क्रिप्टमध्ये (प्रोग्रॅम सर्व्हरवर बसवणारी कमांडची यादी) सीपी (फाइल कॉपी करणारी कमांड) करून मग सीएचमॉड (परमिशन बदलणारी) मारू की इन्स्टॉल कमांड वापरू.

मेहनत बघितली तर इन्स्टॉल पुढे, कॉपी, परमिशन, ओनर, ग्रुप सगळं एकाच ओळीत होतं (ओनर बदलायला रूट, म्हणजे अ‍ॅडमिनचे हक्क, लागतातच). फक्त -एम (परमिशन ठरवणारा पर्याय) द्यायला विसरू नकोस, नाहीतर डीफॉल्ट परमिशन 755 लागतं आणि साध्या कॉन्फिग फाइललाही एक्झिक्युट बिट (प्रोग्रॅम म्हणून चालवायची परवानगी) बसतो.

भरवशाचं म्हणशील तर फरक इथेच मोठा आहे. सीपी नवीन फाइलला युमास्क (काही परमिशन आपोआप कापणारी सेटिंग) लावतं, जुनीवर लिहिलं तर तिचीच परमिशन ठेवतं, आणि पासवर्डवाली फाइल असेल तर सीएचमॉड होईपर्यंत ती इतरांना वाचता येऊ शकते. लिनक्सवर चालू असलेल्या बायनरीवर (तयार प्रोग्रॅम फाइलवर) सीपी केलं की 'टेक्स्ट फाइल बिझी' ही एरर येते, ग्नू इन्स्टॉल (लिनक्सवरचं नेहमीचं इन्स्टॉल) जुनी फाइल काढून नवीन ठेवतं म्हणून अडत नाही.

पण अख्खा फोल्डर इन्स्टॉलने कॉपी होत नाही, तिथे सीपी -आर लागतंच. शिवाय मॅक आणि लिनक्सवर इन्स्टॉलच्या कॅपिटल -डी पर्यायाचा अर्थ वेगळा आहे, सांभाळून.

मेकफाइल (प्रोग्रॅम बनवायच्या पायऱ्यांची फाइल), बायनरी, सिक्रेट फाइल असेल तर डोळे झाकून इन्स्टॉल. घरच्या लॅपटॉपवर फोल्डर कॉपी करायचे असतील तर सीपी पुरे.