करडई की तीळ? पुण्याच्या कोरड्या हिवाळ्यात त्वचेसाठी कोणते तेल घ्यावे

दिवाळी सरली की पुण्याच्या हवेतील दमटपणा झपाट्याने कमी होतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो, आणि सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईच्या नडगीवर नखाने हलके ओढले, तरी खडूने काढल्यासारखी पांढरी रेघ उमटते. तिच्यासाठी आणि घरातील इतरांसाठी बियांचे कोणते तेल घ्यावे, हा प्रश्न मला दोन हिवाळे पडला होता. लाकडी घाण्याची दुकाने आता शहरात जागोजागी झाली आहेत, त्यामुळे तेल मिळण्याची अडचण नाही; अडचण निवडीची आहे. माझ्या मते खरी निवड तीळ आणि करडई या दोहोंत आहे, आणि बाकीची तेले विशिष्ट गरजेपुरती विचारात घ्यावीत.

तेल त्वचेला पाणी देत नाही, कारण तेलात पाणी नसतेच. ते आत असलेले पाणी उडून जाऊ देत नाही. त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरात मृत पेशी एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधल्या फटी स्निग्ध द्रव्यांनी लिंपलेल्या असतात. या लिंपणातील एका महत्त्वाच्या घटकासाठी लिनोलेइक आम्ल, म्हणजे तेलांत असणारे एक मेदाम्ल, लागते आणि ते शरीराला स्वतः तयार करता येत नाही. याउलट तेलांतलेच दुसरे मेदाम्ल, ओलेइक आम्ल, या लिंपणाची घडी विसकटू शकते. औषधे त्वचेतून आत मुरावीत म्हणून ते वापरले जाते, ते याच गुणामुळे. इंग्लंडमध्ये प्रौढांच्या हातांवर केलेला एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही आठवडे नियमित लावलेल्या ऑलिव्ह तेलाने त्वचेचे संरक्षक आवरण कमकुवत झाल्याचे आणि सूर्यफुलाच्या तेलाने ते टिकल्याचे दिसले. ऑलिव्ह तेलात ओलेइकचे प्रमाण मोठे असते, तर नेहमीच्या सूर्यफुलात लिनोलेइकचे. म्हणून ‘जितके दाट तेल, तितके पोषण जास्त’ या समजावर विसंबून तेल निवडू नये.

या कसोटीवर करडई सरस ठरते. तिच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात लिनोलेइकचे प्रमाण साधारण 75 टक्के असते. तिळाच्या तेलात ओलेइक आणि लिनोलेइक जवळपास सारखेच, प्रत्येकी 40 टक्क्यांच्या आसपास, असतात. करडई पातळ आहे, लवकर पसरते आणि अंगावर तुपकटपणा ठेवत नाही. तिळाचे तेल किंचित जड आहे, पण मालिशला तेच सोयीचे पडते, कारण हात बराच वेळ सहज फिरत राहतो; अभ्यंगासाठी तिळालाच मान का मिळाला, हे त्यावरून कळते. करडई तर आपल्याच मातीतली. सोलापूर आणि मराठवाड्यात ती पिढ्यान्‌पिढ्या रब्बीत घेतली जाते, आणि तिच्या काट्यांमुळे कापणीचे हाल होतात म्हणून फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाणही तयार केले. एवढे असूनही त्वचेसाठी तेल निवडताना तिचे नाव कोणी घेत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गेल्या जानेवारीत आईच्या डाव्या पायाला तिळाचे आणि उजव्या पायाला करडईचे तेल सलग तीन आठवडे लावले. दुसरा आठवडा संपेपर्यंत पांढरी रेघ दोन्ही पायांवर उमटेनाशी झाली. फरक दिसला तो वापरात: तिळाच्या पायाची तुकतुकी दुपारपर्यंत टिकायची, पण पायमोजा आतून तेलकट व्हायचा, करडईचा पाय तासाभरात हाताला कोरडा लागायचा, तरी खरखरीत वाटत नसे. एका व्यक्तीच्या अनुभवावरून नियम काढता येत नाही, पण आईने पुढे करडईच चालू ठेवली.

टिकाऊपणात मात्र तीळ निर्विवादपणे पुढे आहे. तिळातील सेसमोलसारखे घटक तेल खवट होऊ देत नाहीत, तर लिनोलेइक जास्त असलेली तेले हवा, उजेड आणि उष्णता यांनी लवकर बिघडतात. जवसाचे तेल याबाबत सर्वांत नाजूक. मी आणलेल्या बाटलीच्या तोंडाशी महिन्याभरात व्हार्निशसारखा चिवट पापुद्रा धरला आणि तेलाला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येऊ लागला. जवसाचे तेल रंगकामात वापरतात ते याच वाळण्याच्या गुणामुळे. खवट तेल त्वचेला चुरचुरू शकते, त्यामुळे ते सरळ टाकून द्यावे. करडई घ्यायची असेल, तर एका वेळी 200 मिलिलिटरपेक्षा जास्त घेऊ नये, ती गडद काचेच्या बाटलीत, शेगडीपासून दूर ठेवावी आणि घाण्यावर तेल कधी काढले, हे विचारून तारीख बाटलीवर लिहून ठेवावी.

बदामतेल त्वचेला मऊपणा देते, पण त्यात ओलेइकच प्रमुख असते, आणि त्याच्या लहान बाटलीच्या किमतीत करडईचे जवळपास लिटरभर तेल येते. खोबरेल चांगला थर धरते, परंतु 24 अंशांच्या खाली गोठते आणि पुरळ येणाऱ्या चेहऱ्यावर रंध्रे बुजवू शकते. चेहरा तेलकट असेल, तर होहोबा (जोजोबा) विचारात घ्यावा; रासायनिकदृष्ट्या ते तेल नसून द्रवरूप मेण आहे, म्हणून ते लवकर खवट होत नाही. लिंबोळीचे तेल शुद्ध स्वरूपात त्वचेवर लावू नये, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर ते पूर्णपणे टाळावे, कारण पोटात गेल्यास ते मुलांसाठी विषारी ठरते. शेतीच्या दुकानातील बाटली ही फवारणीसाठी असते, हेही विसरू नये.

घाण्याचे तेल नेहमीच रिफाइंडपेक्षा चांगले, असे मी म्हणणार नाही. घाण्याच्या तेलात जीवनसत्त्व ई आणि मूळ वास टिकतो, पण बियांतील प्रथिनांचा अंशही राहतो. ज्यांना तीळ किंवा बदाम खाल्ल्याने ॲलर्जी होते, त्यांनी ती तेले अंगालाही लावू नयेत. अतिसंवेदनशील त्वचेला कधीकधी रिफाइंड तेल अधिक सौम्य पडते. सुपरमार्केटमधील करडई किंवा सूर्यफुलाच्या बाटलीवर ‘हाय ओलेइक’ लिहिले असेल, तर वर सांगितलेला लिनोलेइकचा लाभ त्यातून मिळत नाही. आणि पूजासाहित्याच्या दुकानात तिळाच्या चित्रासह मिळणारे दिव्याचे तेल अंगासाठी कधीही घेऊ नये. ते बहुधा मिश्रण असते आणि ‘खाण्यास अयोग्य’ ही सूचना बारीक अक्षरांत छापलेली असते.

कोणतेही तेल प्रथम कोपराच्या आतील बाजूस, रोज दोनदा, आठवडाभर लावून पाहावे. डोक्यात चिकट कोंडा असेल किंवा छातीपाठीवर सुरमा, म्हणजे फिकट चट्टे, उठत असेल, तर तेथे बियांची तेले लावू नयेत, कारण त्यामागील बुरशी तेलातील आम्लांवरच पोसते. भेगा चिघळल्या असतील किंवा खाज रात्रीची झोप मोडत असेल, तर तेल बदलत न बसता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. तेल उन्हापासून संरक्षण करत नाही, म्हणून दिवसा बाहेर पडताना सनस्क्रीन वेगळे लावावे लागते.

आमच्या घरी आता आंघोळीनंतर अंग पंच्याने केवळ टिपून घेतात आणि ते ओलसर असतानाच हातापायांना करडईचे चमचाभर तेल लावतात, कारण तेव्हाच ते पाणी आत धरून ठेवते. रविवारच्या मालिशसाठी तिळाचे तेल कोमट करतात. उशीचे अभ्रे आणि पंचे गरम पाण्यात धुतात, कारण करडईचे तेल कापडात राहिले, की आठवडाभरात त्याचा खवट वास येऊ लागतो.